तिसऱ्यांदा विचारल्यावर

ओस्लंड गावात कुणी कॉफी विचारली तर पहिल्यांदा "नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारली तर "नको, उगाच तुम्हाला त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारली की "बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप" म्हणून चांगली दोन कप प्यायची. पहिल्याच खेपेला "हो" म्हणणारा माणूस हावरट, आणि तिसऱ्या खेपेलाही "नको" म्हणणारा भांडायला आलेला. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या त्या कोपऱ्यात नॉर्वेहून आलेल्या लोकांनी जमीन नांगरली, चर्च बांधलं आणि ही रीत लावली. नांगर गेले, चर्चचं छप्पर बदललं, रीत मात्र आहे तशीच आहे.

त्यामुळे रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर आर्डिसनं विचारलं, "यंदा थँक्सगिव्हिंगचं जेवण आमच्याकडेच करू या, काय मार्लिस?" तेव्हा मार्लिस "नको गं, कशाला" म्हणाली, आणि त्यात काही विशेष नव्हतं. सोमवारी आर्डिसचा फोन आला. "मी म्हणत होते, यंदा तू जरा आराम कर. टर्की मी भाजते." मार्लिस म्हणाली, "नको नको, तुला कशाला व्याप." फोन ठेवून तिनं मनात मोजलं. दोन नकार झाले होते. आता तिसरी खेप उरली होती, आणि ती बुधवारी येणार हे तिला ठाऊक होतं. दरवर्षी आदल्या दिवशी दुपारी आर्डिस आपलं हिरवं जेली सॅलड घेऊन यायची, कारण ते रात्रभर मार्लिसच्या फ्रीजमध्ये ठेवावं लागायचं. सॅलड ठेवता ठेवता ती विचारणार. आणि मग मार्लिसला "बरं" म्हणावं लागणार.

आर्डिस म्हणजे मार्लिसच्या नवऱ्याची, लोवेलची थोरली बहीण. कुठंही जा, पळसाला पानं तीनच. नणंद ती नणंदच. पण या नणंदेच्या दुखण्याला कारण होतं. हे थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारचं जेवण पूर्वी तिच्या आईच्या घरी असायचं. आई थकली तेव्हा एका नोव्हेंबरात ती म्हणाली, "पाव यापुढं मार्लिस करेल." पोटच्या मुलीला सोडून सुनेला म्हणाली. त्या घरात ज्या बाईच्या हातचे पाव, तिच्याच घरी टेबल. हा नियम कुणी केला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. आर्डिस तेव्हा काही बोलली नाही. ओस्लंडमध्ये बोलत नाहीत. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, अशी तिथली चाल. तिनं फक्त त्या सबंध हिवाळ्यात मार्लिसला एकदाही फोन केला नाही.

पाव मात्र खरोखर चांगले व्हायचे. पिठात उकडलेला बटाटा कुस्करून घातलेला, कोमट दूध, लोणी. ट्रेमध्ये गोळे लादीसारखे एकमेकांना खेटून ठेवायचे आणि भाजून निघाले की वरून लोण्याचा हात फिरवायचा. टर्की कशीही झाली तरी लोक हे पाव मोडून मोडून खात, आणि टेबलावर कुणाचं काही बिघडलेलं असलं तर ते तेवढ्या वेळापुरतं तरी विसरलं जाई.

पण जूनपासून मार्लिसचे हात धरले होते. बोटांचे सांधे सुजून गाठी आल्या होत्या. बरणीचं झाकण लोवेल उघडून द्यायचा, तिच्या गाऊनची बटणं लावून द्यायचा. लोवेलखेरीज हे कुणाला ठाऊक नाही असं तिला वाटत होतं. आर्डिसला ठाऊक होतं. चर्चमध्ये मार्लिस स्तोत्रांचं पुस्तक दोन तळव्यांत धरते, बोटांनी धरत नाही, हे तिनं शेजारी बसून कितीतरी रविवार पाहिलं होतं. म्हणून तर ती विचारत होती. त्यात काळजी होती आणि जुना हिशेबही होता, आणि कुठलं किती ते आर्डिसलाही सांगता आलं नसतं.

एकदा गेलेलं जेवण परत येत नाही, हे मार्लिसला पक्कं माहीत होतं. आर्डिसचं घर मोठं, पाहुण्यांच्या खोल्या तयार. मार्लिसचा मुलगा कर्टिस आणि त्याची बायको मिनिआपोलिसहून यायची ती मग तिकडेच उतरणार. शुक्रवारी परत जाताना इकडे डोकावणार, अंगातले कोट न काढता कॉफी पिणार आणि बर्फाच्या आधी निघायला हवं म्हणणार. कर्टिस वर्षातून दोनदा यायचा. त्यातली एक खेप अशी गेली तर मागे ती, लोवेल आणि टीव्ही एवढंच उरत होतं. तिला हे नको होतं. इतकं साधं होतं ते, पण ओस्लंडमध्ये इतकं साधं बोलायची सोय नव्हती.

तेव्हा मंगळवारी तिनं पीठ मळून पाहिलं. चार दाब दिले आणि डोळ्यांत पाणी आलं.

"सरक," लोवेल म्हणाला. "मी करतो."

लोवेलनं जन्मभर रस्त्यावरचा बर्फ ढकलायची गाडी चालवली होती. त्यानं पीठही तसंच ढकललं, सरळ ओट्याच्या कडेपलीकडे. पाव झाले ते दगड. त्यानं त्यातले दोन लोणी लावून खाल्ले आणि "वाईट नाहीत" म्हणाला. त्या गावात याहून मोठी स्तुती नाही, त्यामुळे मार्लिसला त्याच्यावर धड चिडताही येईना.

मग खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "तळघरात ते यंत्र आहे."

"मला माहितेय काय आहे तळघरात."

"मी आपलं सांगितलं."

ते यंत्र म्हणजे पावाचं यंत्र, ब्रेड मशीन. दोन नाताळांमागे सुनेनं दिलेलं. त्या वर्षी दुकानांतून त्यांचे डोंगर रचले होते आणि प्रत्येक सून प्रत्येक सासूला तेच देत होती. मार्लिसनं वेष्टन उघडलं आणि कुठलीही सभ्य बाई म्हणेल तेच म्हटलं, "अगं, कशाला एवढा खर्च केलास? परत करता येईल का?" मग तिनं ते स्वच्छ चादरीत गुंडाळलं आणि तळघरात लग्नातल्या काचसामानाशेजारी ठेवलं, कारण इतकी चांगली वस्तू वापरायची नसते. सुनेनं ते पुन्हा कधी पाहिलं नाही.

सुनेचं नाव ग्वेन. ती फौजी माणसाची मुलगी, दर दोन वर्षांनी गाव बदलत वाढलेली. लग्नानंतरच्या पहिल्याच थँक्सगिव्हिंगला ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली होती, "काही मदत करू?" मार्लिसनं "नको नको, तू बस" म्हटलं आणि तिच्यासाठी दुसरा एप्रन काढायला खणाकडे वळली. वळून पाहते तर दारात कुणी नाही. ग्वेन बाहेर जाऊन खरंच बसली होती, मासिक वाचत. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. पोरगी तोंडदेखलं विचारते, असं मार्लिसनं ठरवून टाकलं. आठ वर्षांत दोघींचं एकदाही भांडण झालं नाही, म्हणजे प्रकरण किती बिघडलं होतं ते समजा. ग्वेन सासूला कधी कशानंच हाक मारायची नाही, नावानं नाही की आई म्हणून नाही. जवळ यायची आणि थेट बोलायला लागायची.

तर बुधवारी सकाळी लोवेलनं यंत्र वर आणून ओट्यावर ठेवलं आणि चर्चमधून जास्तीच्या खुर्च्या आणायच्या म्हणून पिकअपमध्ये जागा करायला बाहेर गेला. मार्लिसनं दोन तळव्यांत कप धरून धरून पीठ घातलं. तिच्या पावांचं माप एकच होतं, चार डझनांचं. त्याहून कमी पाव तिनं जन्मात केले नव्हते, आणि यंत्राचं पोट किती हे यंत्रानं बघावं असं तिचं मत पडलं. दूध, बटाटा, अंडी, सगळं काठोकाठ भरलं, झाकण दाबून बसवलं आणि सर्वांत मोठं बटण कोपरानं दाबलं. यंत्र जरा वेळ गप्प राहिलं. मग कुथायला लागलं. मग ओट्यावरून इंच इंच चालायला लागलं, तेव्हा तिनं त्याच्यापुढे साखरेचा डबा लावून ठेवला.

कर्टिस आणि ग्वेन दुपारच्या आधीच पोचले. संध्याकाळी बर्फ पडणार असं सांगितलं होतं म्हणून लवकर निघाले होते. कर्टिसनं आईला मिठी मारली, "कसला आवाज येतोय?" म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता बापाबरोबर खुर्च्या आणायला गेला. ग्वेन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"काही मदत करू?"

यंत्र ओट्यावर गुरगुरत होतं, तीन तासांत आर्डिस येणार होती, हातांतून कळा येत होत्या. मार्लिसच्या तोंडून निघालं, "नको नको, तू बस. प्रवासातून आली आहेस."

"बरं," ग्वेन म्हणाली आणि जाऊन बसली.

मार्लिस ओट्याला टेकून दाराकडे बघत राहिली. अजून एकदा विचार, असं ती मनात म्हणत होती. फक्त अजून एकदा. बाहेरून मासिकाचं पान उलटल्याचा आवाज आला.

थोड्या वेळानं जळका वास सुटला. आधी तिला वाटलं, ओव्हनच. मग यंत्राच्या कडेनं धूर दिसला. आतल्या पिठानं झाकण डोक्यावर उचलून धरलं होतं आणि ते चारी बाजूंनी खाली ओघळत होतं. आत तापलेल्या तारेवर पडलेलं करपत होतं. मार्लिसनं वायर धरली, पण बोटांना प्लग उपसता येईना.

ग्वेन आत आली. या खेपेला तिनं काही विचारलं नाही. "बाजूला व्हा," म्हणाली. प्लग काढला, खिडकी उघडली, ओल्या फडक्यानं झाकण उचललं. पीठ फस्सदिशी खाली बसलं.

"किती घातलंत?"

"नेहमीचं."

"नेहमीचं म्हणजे किती?"

"चार डझनांचं."

ग्वेन हसली नाही, हे मार्लिसनं मनात नोंदवलं. तिनं बाह्या मागे सारल्या आणि उलथन्यानं पीठ खरवडायला लागली. "याच्यात दीड डझनांचं मावतं. तीन वेळा लावायला लागेल. आणि तुम्ही जे बटण दाबलंत त्यानं ते आतच भाजतं. आपल्याला नुसतं मळून हवंय, ते हे बटण." खरवडता खरवडता ती म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही हे चर्चच्या सेलमध्ये देऊन टाकलंत."

"देऊन टाकीन? चादरीत गुंडाळून ठेवलं होतं मी. लग्नातल्या काचसामानाशेजारी."

"वापरलं नाहीत पण."

"इतकी चांगली वस्तू कोण वापरतं?"

"तुम्ही म्हणालात, परत करता येईल का."

"तसं म्हणतात गं."

"कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात. मग काय म्हणायचं? वा, छान, आण इकडे?"

"हो," ग्वेन म्हणाली. "आमच्याकडे अगदी असंच म्हणतात."

ग्वेननं यंत्रातलं भांडं उपसून नळाखाली धरलं. पाठमोरीच ती म्हणाली, "मी दरवर्षी विचारते मदत करू का, आणि तुम्ही दरवर्षी नको म्हणता."

"मग तू दुसऱ्यांदा का विचारत नाहीस?"

निघून गेलं तोंडून. आठ वर्षं घशाशी बसलेलं होतं ते.

ग्वेननं नळ बंद केला. "तुम्ही नको म्हणालात म्हणून." तिला खरंच कळत नव्हतं. "एकदा नको म्हटल्यावर परत विचारलं तर आमचे बाबा म्हणायचे, माझ्या शब्दावर विश्वास नाही का? परत विचारणं म्हणजे समोरच्याचा अपमान."

"आणि आमच्याकडे न विचारणं म्हणजे."

खिडकीतून गार वारा येत होता, तरी कुणी ती लावली नाही.

"किती वेळा विचारायचं असतं?" ग्वेननं विचारलं.

"तसं मोजून नसतं गं. कळतं." मग मार्लिसनंच सांगून टाकलं. "तीनदा."

आता ग्वेन हसली. मार्लिसलाही हसू आलं, पण त्याच्यामागून लाज आली आणि ती बराच वेळ गेली नाही. आठ वर्षं एक पोर बाहेरच्या खोलीत, आपण कुणाला नको आहोत अशा समजुतीत मासिकाची पानं उलटत बसली होती. आणि आपण आत तिच्यासाठी एप्रन काढून ठेवून तिलाच नावं ठेवत होतो. हे तिला बोलून दाखवायचं होतं. ते काही तिला जमलं नाही. तिनं खणातून दुसरा एप्रन काढला आणि ग्वेनपुढे धरला. ग्वेननं तो लगेच बांधला.

मग त्यांनी नव्यानं लावलं. मार्लिस मापं सांगत होती, ग्वेन घालत होती. आधी दूध, मग बटाटा, लोणी, अंडं, साखर, मीठ. त्यावर पीठ. पिठाला वर बोटानं खळगा करून त्यात यीस्ट, खालच्या दुधाला लागू न देता. "हे का?" मार्लिसनं विचारलं, कारण ती जन्मभर यीस्ट आधी दुधात भिजवत आली होती. "यंत्राला असंच आवडतं," ग्वेन म्हणाली, आणि ते उत्तर मार्लिसला पटलं. माणसांचंही असंच असतं. पातं फिरायला लागल्यावर ग्वेननं झाकण जरा उघडं ठेवलं. मार्लिसनं डोकावून पाहिलं.

"कोरडं आहे. चमचाभर दूध घाल."

ग्वेननं चमचाभर घातलं. गोळा भांड्याच्या कडा सोडून गुळगुळीत झाला आणि गिरक्या घ्यायला लागला. दोघींनी झाकण लावलं.

एवढं सगळं झालं, पण हातांचं मार्लिस बोलली नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. ग्वेन मोजत होती तोवर तिला कप धरायला लागत नव्हता, आणि बाकीचा वेळ ती हात एप्रनच्या खिशात ठेवून होती. पीठ यंत्र मळेल. पुढचं पुढं बघू.

आर्डिस आली तेव्हा यंत्रातलं पीठ वर चढत होतं. तिनं आल्या आल्या नाक वर केलं. "काहीतरी करपलंय."

"थोडंसं," मार्लिस म्हणाली.

आर्डिसनं सॅलड फ्रीजमध्ये ठेवलं आणि फ्रीजचं दार लावायच्या आत ग्वेन कॉफीचं भांडं घेऊन तिच्यापुढं उभी राहिली. "आर्डिस आत्या, कॉफी घेता? घ्या ना. घ्याच."

तिन्ही एका दमात. आर्डिसचा पहिला नकार अर्धाच बाहेर पडला होता, तोवर कप तिच्या हातात होता. ती कपाकडे आणि ग्वेनकडे आळीपाळीनं बघत खुर्चीत बसली, कोट न काढता. मार्लिसनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

कॉफीचा एक घोट घेऊन आर्डिसनं कप खाली ठेवला. "मार्लिस, मी तुला रविवारी विचारलं. सोमवारी विचारलं. आता परत विचारते. उद्या सगळे आमच्याकडे या. टर्की मी आणलीय, टेबल मांडून ठेवलंय."

असं मोजून दाखवणं रीतीला धरून नव्हतं. खेपा सगळे मोजतात, बोलत कुणी नाही. पण आर्डिसला आज दार पक्कं लावून घ्यायचं होतं. आणि मार्लिसच्या ओठांवर शब्द आपोआप येऊन उभे राहिले, "बरं, तुला त्रास नसेल तर." तिला ते म्हणायचे नव्हते. पण तिसऱ्या खेपेला दुसरं काही म्हणायला तिची जीभ कधी शिकलीच नव्हती. तिनं तोंड उघडलं.

"मार्लिसनी नको म्हटलंय," ग्वेन म्हणाली.

सुनेच्या तोंडून स्वतःचं नाव मार्लिस पहिल्यांदा ऐकत होती.

आर्डिसनं मान वळवली. "अगं, तसं नसतं ते. तू नवीन आहेस."

"आठ वर्षं झाली."

"तेच म्हणतेय मी."

"तुम्ही विचारलंत, त्यांनी नको म्हटलं. परत विचारलंत, परत नको म्हटलं," ग्वेन म्हणाली. आवाज चढला नव्हता, दुकानदाराला सुटे मागावेत तसा होता. "इथली रीत मला आजच कळलीय. तिसऱ्यांदा नको म्हणता येत नाही त्यांना. पण म्हणायची गरज काय? मला पहिलंच ऐकू आलं."

इतकं उघड बोलणं त्या घरात आजवर झालं नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आर्डिसच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. पण ती हार खाणारी नव्हती.

"आणि पाव कोण करणार?" ती म्हणाली. "या हातांनी? हिला स्तोत्रांचं पुस्तक धरवत नाही. तुम्हाला सांगितलंय का हिनं काही?" बोलता बोलता तिचा आवाज जरा फाटला. "मी काय तुझं वाईट बघतेय का, मार्लिस? बघवत नाही मला ते, म्हणून म्हणतेय."

ते खरं होतं. ग्वेन मार्लिसच्या एप्रनच्या खिशांकडे बघत होती. थंडीनं जरा आखडतात, असं म्हणता आलं असतं. मार्लिसला ते सुचलंही. पण दिवसभरात इतकं काही उघड्यावर आलं होतं की एवढंच झाकून ठेवायचा तिला कंटाळा आला. तिनं हात बाहेर काढले आणि टेबलावर ठेवले, कॉफीच्या कपाशेजारी, गाठींसकट.

"जूनपासून," ती म्हणाली. "पीठ मळवत नाही. काल लोवेलनं मळलं."

"लोवेलनं?" आर्डिस न राहवून म्हणाली.

"अर्धं जमिनीवर होतं."

आर्डिसच्या ओठांचा कोपरा हलला. मग ती त्या हातांकडे बघत राहिली आणि तिनं मान खाली घातली.

मार्लिसला आता पुढचं दिसत होतं. जेवण या घरात ठेवायचं असेल तर पाव या घरात व्हायला हवेत, आणि ते आता तिच्या हातून होणार नव्हते. जेवण राहणार होतं, पण पाव जाणार होते. तिला आपली सासू आठवली. "पाव यापुढं मार्लिस करेल" म्हणाली होती तेव्हा म्हातारी खिडकीबाहेर बघत होती. आपल्याला त्या दिवशी नुसता आनंद झाला होता. एवढं वाक्य बोलणं तिला किती जड गेलं असेल, हे आपण तिला कधी विचारलं नाही. आता विचारायची गरज नव्हती.

"ग्वेन," ती म्हणाली, "पाव तू करशील? उद्याचे, आणि यापुढचे. जेवण इथंच."

यंत्रानं शिट्टी दिली. पीठ तयार होतं.

आर्डिसनं कप हातात घेतला आणि ती वाट बघू लागली. असं काही पदरात पडलं की आधी "नको, मला कुठं जमतंय" म्हणायचं असतं, मग "नको, तुमच्यासारखे कुठले व्हायला" म्हणायचं असतं. मार्लिसनंही ते त्या वेळी दोन्ही म्हटलं होतं, आणि दुसरा नकार देताना मधेच म्हातारीचं मन बदललं तर काय, अशी तिला धास्ती होती. आता तीही सवयीनं त्या दोन नकारांसाठी थांबली.

"हो," ग्वेन म्हणाली.

आणि ती नळाखाली हात धुवायला लागली.

मार्लिसला रडू आलं, आणि या खेपेला तिनं तोंड फिरवलं नाही. मग ती उठून ओट्यापाशी सुनेच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"गोळे करताना हाताला पीठ लावू नकोस," ती म्हणाली. "लोणी लाव."